छोटा टर्बो की मोठा

६ जानेवारी, सोमवार
आज पुन्हा तेच. बेलापूरला किल्ला जंक्शनच्या सिग्नलला माझ्या शेजारी सौरभची इलेक्ट्रिक गाडी. सिग्नल सुटला आणि तो आवाज न करता पुढे. मी दुसऱ्या गिअरमध्ये जाईपर्यंत दोन ट्रेलर मध्ये घुसले. मग थेट द्रोणागिरीच्या आमच्या वेअरहाउसपर्यंत एका कंटेनरचा मागचा दरवाजा बघत गेलो. दरवाज्याला गंज आहे.

सौरभ म्हणजे आमचा नवा मॅनेजर. कोल्हापूरचा. वय एकोणतीस. ती खुर्ची मला मिळणार असं ऑफिसात सगळे म्हणायचे. निदान मी तरी म्हणायचो. मला राग नाही. खुर्ची म्हणजे काय, चाकं लावलेलं प्लास्टिक. पण माझी गाडी दोन लिटर पेट्रोल, मॅन्युअल, लाल स्पोर्ट्स सेडान आहे. पंधरा वर्षांपूर्वी लोक सिग्नलला काच खाली करून तिच्याबद्दल विचारायचे. ती मिक्सरएवढ्या गाडीच्या मागे राहणं तत्त्वात बसत नाही.

ठरलं. टर्बो लावायचा.

७ जानेवारी, मंगळवार
घरी जाहीर केलं. बायकोला, म्हणजे वैजयंतीला, समजेल असं सोपं करून सांगितलं: एक्झॉस्टचा वाया जाणारा धूर एक पंखा फिरवतो, तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, गाडी पळते. ती मेथी निवडत होती. म्हणाली, तू सकाळी वेळेवर ऊठ, गाडी आपोआप लवकर पोचेल.

अबोलीने विचारलं, "बाबा, तुझी रेस चालू आहे हे त्या सौरभला माहितीये का?" मी म्हटलं, अशा गोष्टी पुरुष बोलून दाखवत नाहीत. मुलगी बराच वेळ खोकत होती. हवा खराब आहे घणसोलीची.

११ जानेवारी, शनिवार
दिघ्याला शिवतेजच्या वर्कशॉपमध्ये जाऊन आलो. हा गाड्या ट्यून करतो. दाढी छान ठेवली आहे. त्याने दोन किट दाखवली. छोटा टर्बो लगेच जागा होतो, पण ताकद बेताची. मोठा उशिरा जागा होतो, पण एकदा झाला की माणूस सीटला चिकटतो. पाय दाबल्यापासून तो जागा होईपर्यंतच्या वेळेला लॅग म्हणतात. (वैजयंती म्हणाली, आपल्या घरी आहे एक.)

शिवतेजने विचारलं, "सर, यूज काय? ट्रॅक की रोड?" म्हटलं, दोन्ही. ट्रॅक मी अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पण माणसाने तयार असावं.

पुढच्या शनिवारपर्यंत निर्णय. नक्की.

१९ जानेवारी, रविवार
निर्णय नाही. घाईचं कामच नाही हे. जेवताना फोरम वाचतो, अंघोळीआधी व्हिडिओ बघतो. कोइम्बतूरचा एकजण म्हणतो छोटा. लुधियान्याचा म्हणतो मोठा. आता ते दोघं एकमेकांच्या घरच्यांवर गेले आहेत.

शुक्रवारी ऑफिसात जरा डोळा लागला. सौरभ येऊन म्हणाला, "काका, बरं वाटत नाही का?"

काका! मी सेहेचाळीसचा आहे. मोठ्या टर्बोकडे कल वाढला.

२८ जानेवारी, मंगळवार
सकाळी: छोटा. फायनल. रोजच्या वापराला तोच शहाणपणाचा. शिवतेजला मेसेज केला.

संध्याकाळी: आज किल्ला जंक्शनला सौरभने आरशात बघून मला हात हलवला. जिंकलेला माणूस हलवतो तसा. मोठा. फायनल. शिवतेजला मेसेज केला. दोन्ही वेळा त्याने अंगठाच पाठवला.

किचनच्या नव्या ट्रॉल्या यंदा होणार नाहीत हे वैजयंतीला सांगावं लागलं. तिने मसाल्याची ट्रॉली इतक्या जोरात लावली की ती रुळावरून उतरली. जुनी झालीच होती.

८ फेब्रुवारी, शनिवार
गाडी शिवतेजकडे सोडली. तो म्हणाला, मोठा टर्बो घेताय तर क्लचही दणकट टाका, कंपनीचा क्लच एवढी ताकद पेलणार नाही. मी म्हटलं, माझा पाय हलका आहे, क्लचला मी कधी त्रास दिलेला नाही. "तुमची मर्जी, सर." ही माणसं दर वेळी आणखी एक पार्ट विकायला बघतात.

अबोलीने फोनवर वाचून दाखवलं की इंजिनात असला बदल आरटीओच्या परवानगीशिवाय चालत नाही. म्हटलं, आधी बसू तर दे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
कंपनीच्या बसने जातोय. जाताना उभा. येताना बसायला मिळतं, पण शेजारी अकाउंट्सचा माणूस, आणि तो बोलतो. पाय सुजलेत. रात्री नऊच्या पुढे डोळे उघडे राहत नाहीत. वैजयंती म्हणते एकदा रक्त तपासून घे. घेऊ. गाडी आली की हा थकवा जाईल. हा सगळा ताकद कमी असलेल्या गाडीचा थकवा आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार
आली! बॉनेट उघडून अर्धा तास नुसता बघत उभा होतो. सोसायटीतले दोघंतिघं आले. एकाने विचारलं, सीएनजी बसवला का?

वैजयंतीला चक्कर मारायला नेलं. आमच्या सेक्टरमध्ये दर पन्नास पावलांवर स्पीडब्रेकर, त्यामुळे टर्बो पूर्ण जागा झाला नाही, पण शिट्टी वाजली. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "तिसऱ्या शिट्टीला बंद कर."

उद्या सोमवार. शर्ट इस्त्री करून ठेवला.

२४ फेब्रुवारी, सोमवार
झालं ते क्रमाने लिहितो.

किल्ला जंक्शन. सिग्नल लाल. सौरभ शेजारी. त्याने हात केला. मी मान हलवली, थंडपणे. सिग्नल सुटला. तो गेला. मी पाय दाबला. लॅग. हे अपेक्षित होतं. पूल चढताना तिसरा गिअर, आणि टर्बो जागा झाला. अशी शिट्टी, असा आवाज, काटा थेट लाल रेषेवर. सौरभची गाडी जवळ यायला हवी होती. ती लांब चालली होती. इंजिन बोंबलत होतं आणि गाडी हळू होत होती. मग जळका वास. मग धूर.

क्लच.

कडेला थांबलो. मागून ट्रेलर हॉर्न देत गेले. एका क्लीनरने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पुढे लांबवर गाडी लावून सौरभ रस्त्याच्या कडेने पळत येताना दिसला. हातात पाण्याची बाटली. दम लागलेला. म्हणाला, "काका, छातीत दुखतंय का?" मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, गाडीला झालंय. त्याने तरी मला पाणी पाजलं. टोइंगवाल्याला फोन त्यानेच केला. शिवतेजचा पत्ता मी सांगितला.

मग त्याच्या गाडीत बसलो. आत काहीच आवाज नाही. थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "खरं सांगू का काका? मला ह्या ट्रेलरची लई भीती वाटते. गावाकडं असलं काही बघितलंच नव्हतं. आरशात तुमची लाल गाडी दिसली की बरं वाटतं. ओळखीचं माणूस हाय मागं. म्हणून तर सिग्नलला बघतो, येताय का. हात करतो की तुम्हाला." मधले दोन आठवडे मी नव्हतो तर तो ट्रेलर सुरू व्हायच्या आत, पहाटेच निघायचा म्हणे.

काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, "मी लक्ष ठेवूनच असायचो मागून."

तसं खोटं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
शिवतेजचा फोन. क्लच जळून कोळसा. नवीन टाकताना दोन पर्याय आहेत: सिंगल प्लेट की ट्विन प्लेट. म्हटलं, विचार करून सांगतो. फोरमवर बघितलं. लुधियाना आणि कोइम्बतूर तिथेही आहेत.

तोपर्यंत सौरभ मला बेलापूरहून घेणार. त्यानेच आग्रह केला. मी होकार दिला, कारण त्याला सोबत लागते.

३ मार्च, सोमवार
आज त्याला ट्रेलरला ओव्हरटेक कसं करायचं ते शिकवायला घेतलं. पहिला नियम सांगितला. दुसरा सांगायला तोंड उघडलं एवढं आठवतं.

जाग आली ती काचेवर टकटक झाली तेव्हा. वेअरहाउसचा वॉचमन कोंडिबा. गाडी पार्किंगमध्ये, सावलीत. एसी चालू, सीट पार मागे झोपवलेली, माझा डबा डॅशबोर्डवर नीट ठेवलेला. कोंडिबा म्हणाला, "साहेब बोलले, झोपू दे त्यांना. पण आता जेवायची सुट्टी झाली म्हणून उठवलं."

सकाळची मीटिंग होती. महिन्याचा आढावा, मी मांडायचा. धावत वर गेलो. मीटिंग माझ्याशिवाय झाली होती. माझं सौरभने मांडलं. कुणी काही विचारलं नाही. अकाउंट्सवाला म्हणाला, उलट लवकर संपली.

संध्याकाळी परत त्याच्याच गाडीत. निघतानाच ठरवलं की आता जागं राहायचं, राहिलेले नियम पूर्ण करायचे, सौरभ चुकला तर सांगायचं.

बेलापूर आल्यावर त्याने खांद्याला धरून हलवलं. म्हणाला, "काका, ट्रेलर मागं टाकले मी. तीन. तुम्ही बघितलं नाही."