आमच्या बाजूचे कोरे चौकोन

४ मार्च, सोमवार

ढोलने आज सगळ्यांना बैठकीला बसवलं. ढोल म्हणजे आमचे विभागप्रमुख — आवाज मोठा, आत पोकळ. "समितीच्या भेटीआधी आपल्याला भीतीचं जनुक सापडलंच पाहिजे!" जनुक म्हणजे काय याच्या चष्म्याची डबी आहे, सोफ्याखाली हात घातला की सापडायला? एक जनुक नसतंच. शेकडो असतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर, आणि सगळी मिळून फार तर चाळीस टक्के. बाकीचं माणसाचं आयुष्य. बावीस वर्षं सांगतोय. त्याने मान डोलावली आणि पुन्हा तेच बोलला.

काम असं — पॅनिक डिसऑर्डरच्या साठ रुग्णांची अख्खी कुटुंबं गोळा करायची. प्रत्येकाचं रक्त, प्रत्येकाची मुलाखत, आणि मग वंशावळीचा तक्ता. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्याला भीतीचे झटके येतात त्याचा आकार काळा भरायचा. मुलाखतीचा फॉर्म मी तयार केलाय. तेरा लक्षणं, तेरा प्रश्न. एका वेळी चार 'हो' आले की झटका धरायचा.

घरी आलो तर आमची पोरगी सोफ्यावर आडवी. असा हा तिसरा महिना चाललाय! परीक्षेच्या हॉलमधून जी उठून आली ती आलीच. "छातीत धडधडतं, बाबा. मरणार असं वाटतं." एकोणीस वर्षांची धडधाकट मुलगी!

७ मार्च, गुरुवार

वायूची चाचणी सुरू केली. तोंडाला मास्क लावायचा आणि एक खोल श्वास घ्यायचा — हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर मिसळलेला. धडधाकट माणसाला काही सेकंद धाप लागते, संपलं. रुग्णाचा मेंदू मात्र बोंब मारतो — गुदमरलास, मेलास! आधी आमच्याच लोकांनी घेऊन बघायचा रिवाज आहे. टाचणीने घेतला. ढोलनेही घेतला आणि तेवढ्यात फोटो काढून घेतला. मी घेतला नाही. यंत्राजवळ एक तरी डोकं ठिकाणावर असलेला माणूस लागतो.

टाचणी म्हणजे आमची नर्स. पन्नाशीची आहे. कागद आणि माणसं, दोन्ही टोचून जागच्या जागी ठेवते.

पहिला रुग्ण बस ड्रायव्हर. सहा फूट उंच, मनगट माझ्या पोटरीएवढं. एक श्वास घेतला आणि माझा हात जो धरला! "साहेब, सोडू नका, सोडू नका." बोटांचे वळ उठले. बाहेर त्याची बायको पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसलेली. टाचणीने विचारलं, घरीही होतं का असं? "घरी नाही हो. गाडी चालवताना. म्हणून तर सोडली ना."

सोडली म्हणे! असल्या माणसांची मला कीव येत नाही, चीड येते. दातओठ खाऊन बसावं की जागेवर. बाकीचे बसतातच ना?

११ मार्च, सोमवार

बायको सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली, "साठ परक्या घरांत डोकावताय. आपल्या घराचा नंबर कधी?"

म्हटलं, पोरीला आजार नाही, नाटक आहे. आणि आजार असलाच तर आमच्याकडून आलेला नाही. आमच्या घराण्यात असलं कोणी केलेलं नाही. 'आमच्या'वर जोर दिला. तिला बरोबर झोंबलं.

"मग करा की सिद्ध!"

करतोच! मेहुणा म्हणजे गोगलगाय, रस्ता ओलांडायला पाच मिनिटं घेतो. सासूबाई टीव्हीवर कोणी चढ्या आवाजात बोललं तरी उठून आत जातात. एकदा सासरवाडीचा तक्ता भरून निघू दे, सगळं बाहेर येईल. कुटुंब क्रमांक एकसष्ट. घरच्यांच्या मुलाखती टाचणी घेणार, कारण आपल्या माणसांना आपण विचारायचं नाही, हा नियम मीच घातलाय.

१५ मार्च, शुक्रवार

सासरवाडीचा निकाल सोमवारी. धीर धरवत नाही!

१८ मार्च, सोमवार

सोळा माणसं. एकही आकार काळा नाही.

पुन्हा मोजली. सोळाच्या सोळा कोरी. मेहुण्याला म्हणे डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही, म्हणून रस्त्यावर थांबतो. आणि सासूबाई? "त्यांना त्या मालिकांचा कंटाळा येतो, सर. मी विचारलं," टाचणी म्हणाली. हिला कोणी सांगितलं होतं एवढं खोलात जायला!

आमच्या बाजूचे चौकोन-गोल मीच बसून काढले होते. अण्णा, माझे वडील — कोरा. आई, थोरला भाऊ, मी — कोरे. अण्णांसारखा माणूस आता व्हायचा नाही. सात किलोमीटर चालत ऑफिसला जायचे, सात किलोमीटर चालत परत. तीस वर्षं! दारावरून बस जायची, तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही. शिस्त म्हणतात ती ही.

टाचणीने कागद उचलला. "हे कोणी सांगितलं?"

"मी."

"ऐकीव चालत नाही, सर. रोग ऐकीव लिहायचा नाही आणि तब्येत चांगली आहे हेही ऐकीव लिहायचं नाही. तुम्हीच लिहिलंय नियमांत, पान चार." मग पेन उघडून म्हणाली, "आईंचा नंबर द्या."

दिला. काय करतो!

१९ मार्च, मंगळवार

माझी मुलाखत झाली. अकरा मिनिटं. तेराही 'नाही'. टाचणीने एकदाही मान वर केली नाही.

२१ मार्च, गुरुवार

आईचाच फोन आला. "अरे, कोण रे ती बाई? किती आपुलकीने बोलली! तासभर बोलत होतो आम्ही."

तासभर. माझ्याशी चार मिनिटांच्या वर कधी बोलत नाही.

"अण्णांचं विचारत होती. सांगून टाकलं. आता ते नाहीत, कशाला लपवायचं? बसमध्ये चढले की दोन स्टॉपवर उतरायचे ते. शर्ट घामाने भिजलेला, हातपाय गार. म्हणायचे, आज काही मी वाचत नाही. तीनदा डॉक्टरांनी छाती तपासली, काही निघालं नाही. मग बसच सोडली."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू विचारलंस कधी? आणि तुम्हा पोरांना त्या चालण्याचा केवढा अभिमान! तो मी मोडू होय?"

म्हणजे शिस्त नव्हती. पळ काढत होते! सात किलोमीटर रोज पळ, आणि मी त्या माणसाचे गोडवे गात मोठा झालो. भाषणांतून दाखले दिले! भित्रा निघाला म्हातारा.

दुपारी टाचणीने माझ्यादेखत अण्णांचा चौकोन काळा केला. अगदी सावकाश, शाई रेषेबाहेर जाऊ न देता.

ढोल धावत आला. "अरे वा! तुमच्याच घरात! आजोबा आणि नात काळे, मधली पिढी कोरी. फार सुंदर तक्ता आहे हो!" सुंदर म्हणे. कधीकधी एखादी पिढी मोकळी सुटते, असं मी त्याला शांतपणे समजावून सांगितलं.

२५ मार्च, सोमवार

बायकोने पोरीला अण्णांचं सांगितलं. मी नको म्हटलं होतं.

"आजोबांनाही व्हायचं? म्हणजे मी एकटी नाही?" असं म्हणून पोरगी रडायला लागली. आनंदाने! आजार वारशात मिळाला म्हणून आनंद!

मी म्हटलं, अण्णांनी नोकरी नाही सोडली. तू कॉलेज सोडलंस.

तिने डोळे पुसले. "मी मावशीकडे राहायला जाते. शुक्रवारी. तिथे मला कोणी बघत नाही."

"बघत नाही म्हणजे?"

"मला झटका आला की तुम्ही दारात उभे राहता, बाबा. हाताची घडी घालून. जवळ येत नाही, काही बोलत नाही. नुसते घड्याळ बघता."

बघतो. खरा झटका दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो. कोणीतरी वेळ मोजायला नको?

ती आत गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "ही आत्ता गेली तर परत यायची नाही. तुम्हाला समजतंय का काही?"

मला सगळं समजतं. बावीस वर्षं हेच तर करतोय.

२६ मार्च, मंगळवार

टाचणी जाता जाता म्हणाली, "सर, फॉर्म दुरुस्त करायचा असेल तर शनिवारपर्यंत वेळ आहे, मग तक्ते गोठवणार, बदल करता येणार नाही. सगळ्यांनाच सांगतेय मी." सगळ्यांना कशाला? आगाऊ बाई! तिच्याशी कामापुरतंच बोलायचं ठरवलंय.

२८ मार्च, गुरुवार

पोरगी संध्याकाळपासून बॅग भरतेय. बायको माझ्याशी बोलत नाही. नका बोलू.

२९ मार्च, शुक्रवार

गाडी अकराची. साडेनऊला पोरीच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि सांगितलं — माझा फॉर्म खोटा आहे. तेरा 'नाही' लिहून दिलेत, त्यातले नऊ 'हो' आहेत. तेविसाव्या वर्षापासून. तुझ्या आईला माहीत नाही. मी वहीतसुद्धा कधी लिहिलेलं नाही.

तिने हातातली बॅग खाली ठेवली नाही. उभ्याउभ्याच विचारलं, "शेवटचा कधी आला?"

"काल. तू कपडे घडी करत होतीस तेव्हा."