बेदाण्याच्या शेडमधलं विमान

सोमवार, ४ मार्च
कवठे महांकाळला पोचले. सांगलीहून एवढंसं अंतर, पण मी परदेशी निघाल्यासारखं आईने दशम्या बांधून दिल्या. मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी सुटल्यापासून इतकं मनाजोगं काम मिळालं नव्हतं. नौदलाचं जुनं, दोन माणसांचं विमान, अगदी अख्खं, आणि ते जतन करून मांडायची जबाबदारी माझी एकटीची. ठेवलंय बेदाण्याच्या जुन्या शेडमध्ये. चारी बाजूंनी जाळी, वारा आरपार. जिथे द्राक्षं वाळतात तिथे ओलीची काय काळजी! गावाच्या स्मारक समितीचे अध्यक्ष लालासाहेब सैन्यातले निवृत्त सुभेदार. त्यांनी मला हार घातला आणि विमानालाही. राखणदार सयाजीमामांनी चहा आणला. शेडमागची खोली मला दिलीय, खिडकीतून द्राक्षबागा दिसतात. खूश आहे.

गुरुवार, ७ मार्च
विमानाची हकिगत आज लालासाहेबांकडून कळली. चाळीसएक वर्षांपूर्वी जहाजावर उतरताना ते समुद्रात पडलं. पायलट वाचला. मागच्या खुर्चीत इथलेच नाथाजी साळुंखे होते. विमान वर काढलं तेव्हा त्या खुर्चीचा पट्टा आवळलेला होता, बक्कल बंद होतं आणि आत माणूस नव्हता. तो सापडलाच नाही. त्यांच्या आठवणीसाठीच विमान या गावाला दिलं.
पंखांच्या बुडाशी पांढरी पूड दिसली. मिठाने ॲल्युमिनियम असंच फुलतं. दिवसभर बसून धुऊन काढली.

सोमवार, ११ मार्च
पूड परत आली. सयाजीमामांनी बोअरच्या पाण्याने धुतलं असणार म्हणून त्यांना बोलले. ते दुखावले. बोटसुद्धा लावलं नाही म्हणाले. मी शुद्ध पाण्याचे कॅन मागितले होते, लालासाहेबांनी रंगारी पाठवला. त्यांचं म्हणणं, सैन्यात रणगाडे असेच चकाचक ठेवायचे, वरून रंग मारला की आतलं कोण बघतंय. मीठ काढल्याशिवाय रंग टिकणार नाही, हे मी तीनदा समजावलं. त्यांनी तिन्ही वेळा मान हलवली आणि रंग निळा असावा की राखाडी असं विचारलं.

शुक्रवार, १५ मार्च
तिसऱ्यांदा धुतलं, तिसऱ्यांदा पूड. मागच्या खुर्चीची गादी दाबली तर पाणी निथळलं. बाहेर ऊन रणरणतंय, शेजारच्या शेडमध्ये द्राक्षं कडक व्हायला लागलीत, आणि ही गादी ओली! पाण्याची चाचणी केली. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पडताच दुधाळ झालं, म्हणजे मीठच. करू नये ते केलं, जिभेला लावून पाहिलं. समुद्र.

मंगळवार, १९ मार्च
नाथाजींच्या पत्नी चंद्राबाई आज भेटल्या. विमान आल्यापासून दर मंगळवारी येतात, पंखाखाली बसून पिकापाण्याचं, नातवंडांचं बोलत राहतात. मी गादीची तक्रार सांगितली. त्यांना नवल वाटलं नाही. फक्त म्हणाल्या, “पट्टा सोडू नगा, म्याडम. त्यो हाय म्हणून ते हितं बसल्यात.”
म्हाताऱ्या माणसाशी काय वाद घालायचा?
मी सांगलीला गेलेली बघून रंगाऱ्याने काल एक बाजू रंगवूनही टाकली होती. आज तिला फोड आलेत. संतापाने रडू आलं.

शनिवार, २३ मार्च
गादी काढल्याशिवाय मीठ थांबणार नाही आणि पट्टा सुटल्याशिवाय गादी निघणार नाही. बक्कल हलेना. तेल, कानस, सगळं झालं. शेवटी पट्टा कापला. कापताना कुणी फार वेळ कोंडलेला श्वास सोडावा तसा आवाज झाला. जुना फोम. दुसरं काय असणार.

सोमवार, २५ मार्च
खुर्ची कोरडी! पंख कोरडे, चाचणीत पाणी स्वच्छ. लालासाहेबांनी शाबासकी दिली. रंगाऱ्याला.
खोलीत मात्र फरशीवर पाणी आलंय. या खोलीला नळ नाही.

मंगळवार, २६ मार्च
चंद्राबाई आल्या. कोरड्या खुर्चीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. रागावतील वाटलं होतं. त्यांनी हळूच विचारलं, “कुटं गेलं?” मी त्यांना खोलीवर नेलं. माझं अंथरूण भिजलेलं होतं, मिठाचा वास येत होता. त्या उंबऱ्यातच बसल्या.
“तुमी सोडवलं, तवा तुमच्याच मागं येनार. माजं घर हितनं हाकंवर हाय. माज्याकडं आलं न्हाईत.”
मी माफी मागितली. त्यांनी ऐकली नाही बहुतेक.

गुरुवार, २८ मार्च
काल सांगलीला पळून आले. केसांतून पाणी का गळतंय, आईने विचारलं. मी अंघोळ केली नव्हती. सकाळी आईची उशी ओली. ती खोकत होती — घशातून पाणी आलं म्हणाली, खारट.
लगेच निघाले. आईजवळ नको.

शुक्रवार, २९ मार्च
खोलीत. छाती जड. खोकलं की पाणी. डॉक्टर म्हणतात फुप्फुसं साफ आहेत. लालासाहेबांचा फोन — उद्घाटनाच्या पत्रिकेवर माझं नाव कसं छापायचं.
खाटेची दुसरी कड दबते. कुणी बसल्यासारखी. मनगट धरलंय त्याने. बोटांचे वळ उठलेत. तो वाईट नसावा. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला धरतो.
सयाजीमामांकरवी चंद्राबाईंना निरोप धाडला. त्यांनी हाक मारली तर कदाचित —

शनिवार, ३० मार्च
भर दुपार. पाणी खाटेपर्यंत. दाराखालून एक थेंब बाहेर जात नाही. डाव्या हाताने वही उंच —
चंद्राबाई आल्या. खिडकीत उभ्या आहेत. नवं लुगडं नेसल्यात. जन्मात कधी घेतलं नसेल ते नाव घेतलं त्यांनी. “नाथाजी.” पुन्हा, मोठ्यांदा.
मनगट सुटलं.
खाट वर आली. पाणी दाराकडे चाललंय — सगळं, एकदम — कडी हलतेय. बाहेर त्या हसताहेत. दोन्ही हात पुढे केलेत.
त्यांना ठाऊक नाही तो कसा धरतो. ओरडून सांगायला हवं, पळा म्हणून. तोंड उघडलं तर तोंडात पाणीच — आवाज — कडी नि