एक जूनपर्यंत मागे

गुरुजी, आज दुपारी माझा बी.ए.चा फॉर्म गेला. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, तरी हे पहिलं तुम्हालाच सांगावंसं वाटलं. आज शेवटचा दिवस होता. आज गेला नसता तर पुढचं वर्ष, आणि बावन्नाव्या वर्षी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटलेलं काम राहतंच, हे मला पक्कं ठाऊक आहे. लग्न झाल्यापासून मी तेच तर म्हणत आले.

फॉर्म आता कागदाचा नसतो, वेबसाइटवर भरायचा. तुमची रीत होती, आधी शिसपेन्सिलीनं लिहायचं, तपासायचं, मग शाईनं गिरवायचं. चौथीत मी घाईनं थेट शाई घेतली आणि स्कॉलरशिपच्या फॉर्मवर डाग पाडला, तेव्हा भर वर्गात म्हणालात, “हात हाय का खुरपं?” अजून आठवलं की कान गरम होतात. ह्या वेबसाइटला तुमची पेन्सिल माहीत नाही. ज्यानं कुणी ती केली त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा, चांगलं खडसावीन! नाव टाकलं, पत्ता टाकला, आणि जन्मतारखेपाशी गाडी अडली. तारीख टाइप करता येत नाही. कॅलेंडर उघडतं ते ह्याच महिन्याचं, आणि शेजारी एक बारका बाण. दाबला की एक महिना मागं. वर्ष निवडायची सोयच नाही. म्हणजे माझ्या तारखेला पोचायला सहाशेच्या वर वेळा दाबायचं, आणि दहा मिनिटं झाली की ‘वेळ संपली’ म्हणून सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. तीन दिवस मी हेच करत होते. शेवटी विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात फोन लावला. तिथली बाई म्हणाली, “मावशी, साईट तशीच हाय. बाण दाबत ऱ्हावा की.” मी म्हटलं, बाई गं, माझं वय झालंय, किती दाबू? तर हसून म्हणते, “मग तवाच शिकायचं न्हाय व्हय?” गुरुजी, फोन ठेवला आणि ओट्याशी जाऊन रडले.

आज सून शाहूपुरीतल्या ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून आली. ती मला आत्या म्हणते. दोनदा पहिल्यापासून बाण दाबून तिचाही अंगठा दुखला, तेव्हा म्हणाली, “आत्या, मधलीच कुठली बी तारीख टाकूया. मागनं दुरुस्त करू.” मी एकदम ओरडले, “ती तारीख मला गुरुजींनी दिलीया. बदलायची न्हाय!” मग तिला सगळं सांगावं लागलं, तुमच्या शिसपेन्सिलीसकट.

हुपरीची शाळा, जूनचा पहिला आठवडा. ताईचं नाव घालायला बाबा आलेत आणि मी त्यांच्या धोतराला धरून उभी आहे. बाबा म्हणतात, “धाकटी ऱ्हाऊ दे, घरात पैंजणाच्या कड्या जोडंल.” तुम्ही मला पुढं बोलावता. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायचा. बोट कानाला लागलं की पोर सहा वर्षांचं झालं, हीच तेव्हाची मोजणी. मी हात ताणते. तुम्ही रजिस्टरात खाली बघत विचारता, “लागलं का गं?” मी म्हणते, “व्हय.” आणि तुम्ही लिहिता, एक जून, वर्गातल्या निम्म्या पोरांची होती तीच तारीख. माझा जन्म जोतिबाच्या चैत्रातल्या यात्रेवेळचा, सहा पुरे व्हायला अजून दहा महिने होते, असं आई पुढं सांगायची. पण त्या वर्षी घरी राहिले असते तर कड्याच जोडत राहिले असते, हे मला आईपेक्षा चांगलं माहीत आहे.

सून उठली. म्हणाली, “तर मग गुरुजींच्याच रीतीनं करू.” सगळी माहिती आधी वहीत पेन्सिलीनं लिहिली, दोघींनी तपासली, मग तिनं फोनमध्ये उतरवून ठेवली, म्हणजे ऐनवेळी नुसती चिकटवायची. दहातली नऊ मिनिटं बाणाला! तिचा अंगठा चालू आणि मी वर्षं म्हणते आहे. नातू झाला तो महिना गेला. तुम्ही गेलात तो महिना आला. थांब म्हणणार होते, पण वेळ नव्हता. लग्नाचा मे गेला. दहावीचा निकाल गेला. आणि जून आला. पहिल्या तारखेवर बोट मी ठेवलं. बाकीचं तिनं भराभरा चिकटवलं आणि ‘फॉर्म जमा झाला’ अशी हिरवी ओळ आली. सुटले बाई! तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले, आणि सून माझ्याकडं बघून हसत होती.

हे पत्र त्या वहीतच राहील. कुठल्या पत्त्यावर टाकणार? पण एक सांगायचं राहून गेलंय. त्या दिवशी बोट कानाला लागलं नव्हतं, गुरुजी. चांगलं चार बोटं लांब होतं. मी खोटं बोलले होते. आणि आज दुपारी सुनेला सांगेपर्यंत मला वाटत होतं, तुम्ही बघितलं नाही.