एक्केचाळीस सह्यांचा अर्ज

प्रिय गठुडे,

सगळ्यात आधी आला तो टेपवाला. चपला दाराबाहेर, मापाची टेप मात्र कमरेलाच. त्याच्यामागून नगरपालिकेच्या ओव्हरसीअर बाई, आणि शेवटी आपले नगरसेवक. त्यांना मी होहो म्हणते, कारण कुणी काहीही मागितलं तरी ते आधी हो हो म्हणतात आणि मग विचारतात, काय म्हणालात. तीन माणसं एकदम माझ्या खोलीत आणि खुर्च्या दोन. टेपवाल्याला मी पाण्याच्या पिंपावर बसवलं. एवढी हरखले होते की चहात साखर दोनदा पडली. तुझे आजोबा गेल्यापासून माझ्याकडे सरकारी माणूस आला असेल तर तो विजेचं मीटर बघायला. होहोंनी तो गोडमिट्ट चहा दोन पेले प्यायला, हो हो म्हणत.

ते कशाला आले होते ते तुला माहीतच आहे. आपल्या कोपऱ्यावर नगरपालिका बायकांसाठी संडास बांधणार होती आणि तू सुट्टीला आलीस तेव्हा मी तुझ्याकडून त्याविरुद्ध अर्ज लिहून घेतला. मी चौथी शिकलेली, माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. मी सांगत गेले, तू लिहीत गेलीस. वास येईल, नको ती वर्दळ वाढेल, इथल्या कुणाही बाईला याची गरज नाही, त्यापेक्षा म्हाताऱ्या माणसांना टेकायला एक बाक द्या. पहिली सही माझी. मग दारोदार फिरून एक्केचाळीस जमवल्या. सभेत मला बोलायला उभं केलं, टाळ्या पडल्या, आणि ते मी तुला फोनवर तीनदा सांगितलं. बाकाचा ठराव झाला. त्याचंच माप घ्यायला ही मंडळी आली होती. होहो म्हणाले, आजी, बाकावर तुमचं नाव घालू. मी नको नको म्हटलं, पण रंग कुठला देणार तेही विचारून घेतलं. हे असं आहे बघ माझं.

मग आम्ही सगळे बाहेर गेलो. माझ्या खिडकीखाली चेनवाली बसते, तुझ्या दप्तराची चेन तीनदा बसवून दिली ती. बारा वर्षं झाली, सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत तिथंच. बारा वर्षं मी खिडकीतून तिला चहा विचारते आणि ती पेल्यावर हात आडवा धरते. मला वाटायचं, काय हा ताठा. तुझ्या आईला म्हटलंही होतं मी, बसायला फूटपाथ आणि नाक आभाळाला.

त्या दिवशी तिच्या जागी तिची धाकटी बहीण बसली होती. मी तिच्यापुढेही चहा धरला, चार माणसांत जरा बरं दिसतं म्हणून. तर तिनंही तस्साच हात आडवा धरला. ओव्हरसीअर बाईंनी सहज विचारलं, का गं, चहा पीत नाहीस का. ती मान वर न करता चेन ओढत म्हणाली, प्यायलं की जावं लागतं बाई, आणि जायचं कुठं? स्टँडपर्यंत जाऊन यायला अर्धा तास, तोवर सामान कोण बघणार. ताई दिवसभर पाण्याचा घोट घेत नव्हती. आता मूत्रपिंडाला सूज आलीय, दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणतात, पाणी पी, नाहीतर तिथं बसणं सोड.

होहो पहिल्यांदाच हो म्हणाले नाहीत. टेपवाल्यानं टेप सरकन आत घेतली. ओव्हरसीअर बाईंनी फाईल उघडली आणि वाचत राहिल्या. तुझं ते मोत्यासारखं अक्षर, कुणाही बाईला गरज नाही. आणि खाली, सतरावी सही चेनवालीची. मीच घेतलेली. कागद पुढे केला तेव्हा तिनं तो सगळा वाचला, माझ्या खिडकीकडे बघितलं आणि सही केली. माझ्याच भिंतीला टेकून बसायचं ना तिला, नाही कुठल्या तोंडानं म्हणणार. मी मात्र पुढच्या दारी गेले, अठरावी घ्यायला.

इथवर तुला फोनवरही सांगता आलं असतं. पण तू म्हणाली असतीस, जाऊ दे गं आजी, तुला काय ठाऊक. मला ठाऊक होतं गं. गेल्या उन्हाळ्यात चेनवालीनं माझं दार वाजवलं होतं. पोटाशी हात धरून म्हणाली, आजी, एकदाच आत जाऊ देता का. मी नुकतीच लादी घासली होती. म्हटलं, नळाला पाणी नाही. आणि मागे माझी बादली भरत होती, तिला ऐकू येत होतं. बरं म्हणाली आणि गेली. त्यानंतर मी तुला सांगितलं, लिही, कुणाला गरज नाही. माझं खोटं तुझ्या चांगल्या हातून गेलं, हे काही केल्या गिळवत नाही. हल्ली मी दार दिवसभर नुसतं लोटून ठेवते. काल तिच्या बहिणीला आत बोलावलं, तर ती उंबऱ्यात थांबून म्हणाली, आजी, नळाला पाणी आहे ना? म्हणजे ती गोष्ट त्यांच्या घरी पोचलेली आहे. मी नळ सोडून दाखवला. ओव्हरसीअर बाई म्हणतात, पहिल्या सहीवालीनं अर्ज मागे घेतला तर विषय पुन्हा सभेपुढे ठेवता येईल. तो कागद मी तुझ्याकडून लिहून घेणार नाही, मुंग्यांच्या वरातीतच लिहिणार, नळाच्या गोष्टीसकट. आधी तुला लिहिलं, म्हणजे तिथं हात अडखळायचा नाही. चेनवालीला बुधवारी घरी सोडणार आहेत. नगरपालिकेची मंडळी गुरुवारी अकराला कागद न्यायला येतो म्हणालीत.

तोंड लपवून बसलेली, तरी तुझीच,
आजी