हत्तींच्या दुसऱ्या जागेचा ठावठिकाणा

मी, निशिगंधा हरिहर पाटणकर, वय एकावन्न, वनस्पतिशास्त्रज्ञ, राहणार वाखनिंगन, नेदरलँड्स, हे पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण संतापात लिहीत आहे. डोके शाबूत आहे. कोविडमुळे फुप्फुसांचा भरवसा नाही. नोटरीशी फोनवर बोलणे झाले आहे, डच दस्त तो करेल. ही प्रत घरच्यांनी वाचण्यासाठी.

१. या घरातील माझा अर्धा हिस्सा कन्या मृण्मयी हिला. ती उत्तरे इंग्रजीत देते, पण मराठी वाचते. पुढचे सारे तिने वाचावेच.

२. यजमान निहार यास माझी सायकल आणि स्वयंपाकघरातील भांडी. अधिक काही नाही. कारण असे: काँगोच्या खोऱ्यातील ज्या राखीव जंगलात आम्ही दोघे संशोधन करतो, तिथे हत्ती क्षार खायला दोन मोकळ्या जागी येतात. तिथल्या झाडांना मी आणि वनरक्षक एमिलने कॅमेरे बांधले. लॉकडाऊनमध्ये निधी आटला, गस्त कमी झाली. देणगीदारांना खूश करायला निहारने ऑनलाइन व्याख्यानात पहिल्या जागेचा नकाशा उघडला, अक्षांश-रेखांशांसकट, आणि रेकॉर्डिंग जगाला खुले ठेवले. काढून टाक म्हटले, तर म्हणाला, "अगं, शिकारी काय वेबिनार बघत बसतात?"

बघतात. त्यांनी रायफलींनी कळप लोळवला आणि अजून श्वास घेणाऱ्या माद्यांचे चेहरे कुऱ्हाडीने फोडून सुळे काढले. एमिल आडवा गेला. त्याला कोयत्याने खांद्यापासून छातीपर्यंत चिरले. आमच्याच कॅमेऱ्यात ते सगळे आहे. निहारची मान धरून मी त्याला ते शेवटपर्यंत बघायला लावले, मग खलबत्त्यातला बत्ता उचलला. मृण्मयी मध्ये पडली म्हणून त्याचे डोके वाचले. मला अजूनही वाईट वाटत नाही.

३. दुसऱ्या जागेची नोंद फक्त माझ्या काळ्या हार्ड डिस्कवर आहे. निहार ती शोधनिबंधासाठी मागेल, गोड बोलून मागेल. देऊ नये. मृण्मयीने ती साक्षीदारांसमोर हातोडीने ठेचावी, भुगा होईपर्यंत. एमिलची बायको सोलांज आता तिथे गस्त घालते. तिच्या पायांना वाट माहीत आहे, तेवढे पुरे. माझी सर्व बचत तिच्या पथकाला.

४. माझी राख त्या दुसऱ्या जागी, हत्तींच्या पायांखालच्या चिखलात मिसळावी, एवढीच माझी इच्छा होती. फार होती. सोलांजने नेलीही असती. पण तिच्यामागे निहार जाईल, रडत जाईल, आणि त्याच्या खिशात फोन असेल. म्हणून राख इथेच, ऱ्हाइनमध्ये सोडावी.

सही: निशिगंधा पाटणकर

दाराबाहेर मास्क लावून उभे राहिलेले आणि खिडकीतून मला सही करताना पाहिलेले साक्षीदार:
लतिका देवस्थळी, शेजारीण
दिनकर खानोलकर, स्नेही

वाखनिंगन, १७ जानेवारी २०२१