बुधरी हजर

रविवार, २ मार्च १९८६

तेवीस मुलं एका सुरात कविता म्हणायची आणि एक आवाज नेहमी मागे राहायचा. सगळ्यांची ओळ संपली, की अर्ध्या श्वासानं शेवटचं अक्षर एकटंच यायचं, कळपामागून धावत येणाऱ्या वासरासारखं. आज कुरखेड्याला एसटीतून उतरलो आणि पस्तीस वर्षांनी तो आवाज आठवला. मन अगदी प्रसन्न झालं.

खुशाल राजदूत फटफटी घेऊन आला होता. माझ्या हाताखाली बाराखडी शिकलेला हा पोरगा आता आजोबा झालाय. नवी शाळा सडकेवर बांधली तेव्हा जुनी इमारत यानं विकत घेतली. अर्ध्या भागात त्याची धानाची पोती, अर्ध्यात आजपासून मी. म्हणाला, गुरुजी, तुमचीच शाळा हाये, आता किती बी उशिरा उठा, कोनी अंगठे धरायले लावत नाई.

दिवाळीपर्यंत कादंबरी हवी, असं नागपूरच्या प्रकाशकाचं पत्र आहे. बहुधा माझी शेवटचीच. जवळ तीन वह्या आणि तीन कल्पना आहेत. लाल वहीत घुग्घुसच्या खाणीतला पाळीवर जाणारा मजूर, हिरवीत ऊर्जानगरच्या क्वार्टरमधलं अबोल जोडपं, निळीत सिरोंच्याचा नावाडी. कुठली आधी धरावी ते ठरत नाही. दरम्यान दोडक्याचं बी भिजत घातलंय.

बुधवार, ५ मार्च

स्वयंपाकाला शेजारच्या मनकर्णाबाई येतात. मुलगा ऊर्जानगरला वीज केंद्रात आहे, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत दोनदा सांगितलं. बाई चौथी पास, रोज वर्तमानपत्र माझ्याआधी वाचतात आणि जवसाच्या चटणीबरोबर बातम्याही वाढतात.

सकाळी ओसरीवर पाखरं पाहतो, मग जुन्या क्रमिक पुस्तकांतल्या कविता मोठ्यानं म्हणतो. आज मी मुलांसाठी रचलेली ओळही म्हटली. ‘वाट वळते, शाळेत येते, पानापानांत गाणे गाते.’ साधीच आहे, पण म्हणताना सत्तर वर्षांचा म्हातारा मान डोलवत होता.

लिखाणात एक गंमत झाली. खाणवाला पाळी संपवून निघाला, तर वाटेत पाटी घेतलेली एक मुलगी त्याला शाळा कुठं म्हणून विचारते. नावाड्याच्या डोंग्यातही तीच येऊन बसली. मी तिला बोलावलं नव्हतं. दोन्हीकडची पानं फाडली.

शनिवार, ८ मार्च

कविता म्हणत होतो. ‘गाणे गाते’ म्हणून थांबलो, आणि मागून बारीक आवाजात ‘ते’ आलं.

पत्र्याचा प्रतिध्वनी असेल. पण पत्रा बुधवारीही होताच. खुशालकडून किल्ली मागून धानाची खोली पाहिली. नुसती पोती. तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. ही अर्धी खोलीही त्याला पोत्यांसाठी हवी असेल का?

मंगळवार, ११ मार्च

लाल वहीच्या समासात ओळीनं ‘ह’ काढलेत. आठ. अधलीमधली एक जागा कोरी आहे.

मोजून पाहिलं. सोमवार तीनपासून आजपर्यंत दिवसाला एक, आणि कोरी जागा रविवारची.

असली हजेरी शाळेत बसलेल्या माणसालाच सुचणार. मनकर्णाबाईंना आडून विचारलं. त्या पोळपाट आपटून म्हणाल्या, भाऊ, मले लिहिता येते, मी लिहिलं तं माझं नाव लिहीन, तुमच्या वहीत चोरून ‘ह’ काऊन काढू? वर म्हणाल्या, म्हातारपणी साखर कमी खावी. पण जाताना वहीकडे वळून पाहिलंच त्यांनी.

गुरुवार, १३ मार्च

वह्या ट्रंकेत, किल्ली करगोट्याला. तरीही कालचा एक आणि आजचा एक.

भिंग लावलं. ‘ह’ची शेपटी डावीकडे वळवून वर उचललेली. शाईही पुडीची, पाण्यात कालवायची, निळी-काळी. माझ्याकडे फक्त बॉलपेन आहे.

अक्षर माझं आहे. आत्ताचं थरथरतं नव्हे. पस्तीस वर्षांपूर्वीचं.

शनिवार, १५ मार्च

लिहून टाकतो. कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

१९५१. डिप्टीसाहेब तपासणीला येणार होते. पट भरलेला दिसावा म्हणून मी प्रार्थनेआधीच सगळ्यांपुढे ‘ह’ भरून ठेवला. बुधरी त्या दिवशी आलीच नाही. तीच, शेवटचं अक्षर मागे ठेवणारी. पाड्यावरून शाळेत येणारी एकुलती एक मुलगी. सकाळी नाल्याच्या जवळवाटेनं यायची, संध्याकाळी सगळ्यांबरोबर गाडीवाटेनं जायची.

सांजेला तिची आई इतवारी दाराशी आली. पोर घरी पोचली नव्हती. डिप्टीसाहेब अजून खुर्चीत होते, हजेरी त्यांच्यापुढे उघडी. मी म्हणालो, आली होती, सगळ्यांबरोबर गेली.

लोकांनी दोन दिवस गाडीवाट पिंजून काढली. तिसऱ्या दिवशी नाल्याच्या खडकांत सापडली, पाय अडकलेला, पाटी छातीशी. उचलली तेव्हा अंग अजून ऊन होतं.

महिन्याभरात मी बदली करून घेतली.

सोमवार, १७ मार्च

मनकर्णाबाईंना इतवारीचं विचारलं. म्हणाल्या, ते इतवारी बुडी तं किती वर्सं रोज शाळा सुटायच्या टायमाले इथी दारात उभी राहे. लोक समजावत, तुह्या हातानं माती देल्ली ना पोरीले. तं म्हणे, गुरुजी म्हणत होते का आली होती, मंग शाळेतूनच घेऊन जाईन. शाळेले कुलूप लागलं तवा भावानं तिले आपल्या गावी नेलं, तीन कोसांवर. आता दोन वर्सं झाली, खाटेवरून उठत नाई.

मग डोळे बारीक करून विचारलं, भाऊ, ते गुरुजी कोन होते?

मी दोडक्याला पाणी घालायला गेलो.

जाऊन तिला खरं सांगायचं. मरण्याआधी, तिच्या किंवा माझ्या. तेवढं झालं तर कादंबरी नाही झाली तरी चालेल.

मंगळवार, १८ मार्च

समासातले सगळे ‘ह’ खोडले. प्रत्येकावर ‘गै’ लिहिलं. गैरहजर.

कविता म्हणून पाहिली. मागून काही आलं नाही.

बुधवार, १९ मार्च

पुन्हा ‘ह’. तिन्ही वह्यांत, पानभर. बोट लावलं तर ओले.

इतवारीच्या गावी सोड म्हटलं, तर खुशाल म्हणतो गाडीचा क्लच गेला. कालपर्यंत ठीक होता. त्याला ठाऊक आहे का? वर्गात तोही होता. तिची जागा रिकामी त्यानं पाहिली असणार— पस्तीस वर्षं गप्प— की मीच आता सगळ्यांवर संशय—

उद्या पायी जाईन.

गुरुवार, २० मार्च

सकाळी निघालो. पायरी उतरलो, आणि मागून कविता सुरू झाली. मी ओळ म्हटली नव्हती. पाय पुढे टाकवेना.

दुपार. दार उघडं ठेवून बसलोय. आत पुटपुट चालूच—

पाच वाजले. दारात कुणीतरी—

इतवारी. एकटी, काठी टेकत, पायांवर नाल्याची ओली माती. खाटेवरून उठत नाही असं मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या. मला पाहून म्हणाली, गुरुजी, तुमी आले मनून आयकलं. शाळा सुटली नाई का अजून?

तिला ओसरीवर बसवलं. सांगितलं. सगळं. ती त्या दिवशी आलीच नव्हती, बाई, मी खोटं बोललो.

आणि मागच्या खोलीतून, माझं वाक्य संपल्यावर अर्ध्या श्वासानं— हजर, गुरुजी.

तिनंही ऐकलं. हसली. म्हणाली, आता काऊन खोटं बोलता?

पाणी आणतो म्हणून आत आलो. हे लिहितोय. काठीचा आवाज ओसरीवरून आत येतोय— ती माझ्याकडे नाही, माझ्या मागे पाहतेय, हात पुढे—

सदऱ्याचं टोक कुणीतरी धरलंय. खालून. लहान