गुडघ्याचं कारण

सूनबाई,

मी महिनाभर बहिणीकडे चाललेय. न्यायला येऊ नकोस. डोंगरातल्या शाळेचं छप्पर घालायला तुला स्वयंसेवक म्हणून बोलावलं, आणि तू माझ्या गुडघ्याचं कारण सांगून नाही म्हणालीस. मला विचारलं होतंस? काल मीच फोन करून तू येतेयस असं कळवलंय. गाडी उद्या सकाळी सहाची आहे. काम उरकलं की, कपाटावर जिचा फोटो चिकटवलायस, ती खिंडही चढून ये. बूट उन्हात ठेवलेत. लोकरीचे मोजे मी विणलेत; एक जरा लांब झालाय, चालवून घे. तुझा नवरा काही उपाशी मरत नाही, त्याला कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात.

खरं सांगू? गुडघा एवढा दुखत नाही. मलम चोळताना तू माझ्याशी बोलत बसतेस, म्हणून दुखतो म्हणते.

आई